वजनकाट्यावरची साठ वर्षं

२३ ऑक्टोबर १९६४. टोकियोच्या निप्पॉन बुडोकानमध्ये ज्युदोची लढत सुरू होऊन नऊ मिनिटं उलटली होती. अकिओ कामिनागाचा डाव फसला आणि जवळपास दोन मीटर उंचीच्या अँटन गीसिंकनं त्याला खाली दाबलं. पकड होती केसा-गातामे. भिक्षूंच्या खांद्यावरच्या काषाय वस्त्रावरून, म्हणजे आपल्याच संस्कृत शब्दावरून, तिला हे नाव पडलं. तीस सेकंद कामिनागा सुटायला धडपडला, पण सुटला नाही. आनंदानं बेभान झालेले डच पाठीराखे मॅटकडे धावले, तेव्हा गीसिंकनं हात वर करून त्यांना जागीच थोपवलं. आधी प्रतिस्पर्ध्याला नमन, जल्लोष नंतर.

ऑलिम्पिकमध्ये ज्युदोचं ते पहिलंच वर्ष. चारपैकी तीन सुवर्णं नाकातानी, ओकानो आणि इनोकुमा या जपान्यांनी घेतली होती. तरी जपानला जिव्हारी लागलं ते चौथं. कारण ते ‘ओपन’ गटातलं होतं, जिथे वजनाची अट नव्हती.

ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२मध्ये कोडोकान ही शाळा सुरू केली, तेव्हापासून जपाननं एक गोष्ट मनाशी धरली होती: समोरच्याचाच जोर वापरायचा, मग तो कितीही दांडगा असो. १९५६ची पहिली जागतिक स्पर्धा म्हणूनच वजनी गटांशिवाय झाली. १९६१मध्ये पॅरिसला हाच गीसिंक जगज्जेता झाला, तेव्हा त्या श्रद्धेला पहिला तडा गेला. टोकियोत ६८ किलो, ८० किलो आणि त्यावरचा असे गट आले. ओपन गट मात्र जुन्या श्रद्धेची शेवटची गढी म्हणून राहिला. तीच पडली. पुढे १९७२मध्ये म्युनिकला विम रुस्का या दुसऱ्या डच खेळाडूनं अतिवजनी आणि ओपन अशी दोन्ही सुवर्णं एकाच ऑलिम्पिकमध्ये नेली.

१९७६मध्ये हारुकी उएमुरानं गढी जपानला परत मिळवून दिली. मग १९८४मध्ये लॉस एंजेलिसला तिच्यासाठी उतरला यासुहिरो यामाशिता. सुरुवातीच्याच एका लढतीत त्याची उजवी पोटरी दुखावली. लंगडतच तो अंतिम फेरीत आला आणि इजिप्तच्या मोहम्मद रशवानला जमिनीवर जखडून जिंकला. विजयमंचावर चढताना त्याला हात दिला तो हरलेल्या रशवाननंच. त्यानंतर ऑलिम्पिकमधून ओपन गटच गेला.

वजनकाट्याचं राज्य पूर्ण आल्यावर भाव वधारला तो हलक्यांचा. ६० किलो गटात तादाहिरो नोमुरानं १९९६, २००० आणि २००४ अशी लागोपाठ तीन सुवर्णं जिंकली. ज्युदोच्या वैयक्तिक लढतींत हे दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही.

बायकांना मात्र काट्यापर्यंत पोहोचायलाच झगडावं लागलं. १९५९मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका स्पर्धेत रस्टी कानोकोगी पुरुषाच्या वेषात उतरली, जिंकली आणि बाई असल्याचं कळताच तिचं पदक काढून घेतलं गेलं. तिनंच पुढे खटपट करून १९८०मध्ये महिलांची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. ऑलिम्पिक पदकं १९९२मध्ये बार्सिलोनात आली. तिथे ४८ किलोत रौप्य घेणारी रियोको तामुरा १४६ सेंटिमीटरची, सगळ्या जपानची लाडकी. १९९६च्या अंतिम लढतीत तिला उत्तर कोरियाच्या अवघ्या सोळा वर्षांच्या के सुन-हीनं हरवलं. तामुरानं २०००मध्ये सुवर्ण घेतलं, आणि लग्नानंतर ‘तानी’ होऊन २००४मध्ये पुन्हा. के मात्र ५२ आणि मग ५७ किलोत चढत गेली आणि दोन्ही गटांत जगज्जेती झाली.

गटांमुळे लहान देशांनाही दार उघडलं. कोसोव्होला ऑलिम्पिकचं पहिलं पदक २०१६मध्ये माय्लिंदा केल्मेंदीनं ५२ किलोत मिळवून दिलं, तेही सोन्याचं. पॅरिस २०२४पर्यंत त्या देशाची पाचही पदकं ज्युदोतली आहेत. भारताला ज्युदोत ऑलिम्पिक पदक अजून मिळालेलं नाही. पण मणिपूरच्या सुशीला लिकमाबामनं ४८ किलोत २०१४ आणि २०२२ची राष्ट्रकुल रौप्यं जिंकली आणि मणिपूरच्याच लिंथोई चनंबमनं २०२२मध्ये सारायेव्होच्या कॅडेट जागतिक स्पर्धेत ५७ किलोचं सुवर्ण आणलं.

आणि मग ३ ऑगस्ट २०२४. पॅरिसमध्ये मिश्र सांघिक स्पर्धेची अंतिम फेरी, जपान विरुद्ध फ्रान्स. सांघिक लढतीत गट मोजकेच, त्यामुळे कुणाला तरी वरच्या वजनात उतरावंच लागतं. ४८ किलोची विजेती नात्सुमी त्सुनोदा ५७च्या गटात उतरली आणि तिनं सारा-लेओनी सिसिकला हरवलं. कानो खूश झाले असते. पण ६६ किलोचा विजेता हिफुमी आबे ७३च्या जोआं-बेंजामिन गाबापुढे हरला. पारडं ३–३ असं थांबलं. निर्णायक लढत कुठल्या गटाची, हे ठरवायला पडद्यावर चक्र फिरलं आणि काटा थांबला ९० किलोवरच्या गटावर.

फ्रान्सकडून टेडी रिनेर उठला. जपानकडून आला तात्सुरु साइतो. १९८४ आणि १९८८मध्ये याच सर्वांत वजनदार गटात सुवर्ण जिंकलेल्या हितोशी साइतोचा मुलगा. रिनेरनं त्याला त्याच दिवशी दुसऱ्यांदा हरवलं. त्सुनोदा मॅटच्या कडेला उभी राहून बघत होती.