टेटावाँगाची गळालेली गोष्ट

फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'सेव्हन लिट्ल ऑस्ट्रेलियन्स' सापडलं तेव्हा मी कॉलेजात होतो. शिवण उसवलेली, पानं पिवळी. तिथून जे वेड लागलं ते आजतागायत उतरलेलं नाही. मे गिब्जची गमनट बाळं, नॉर्मन लिंडसेचं कितीही खाल्लं तरी न संपणारं पुडिंग, कॉलिन थीलचा 'स्टॉर्म बॉय' आणि त्याचा पेलिकन, सगळे एकेक करून घरी आले. पण मन अडकलं ते त्या पहिल्या पुस्तकातल्या ज्यूडीतच. तेरा वर्षांची, काटकुळी, आगीसारखी पोर. होस्टेलमधून पळून आठवडाभर चालत घर गाठते, छातीत सर्दी साकळते, आणि जरा सावरते तोच लहानग्या सावत्र भावाला वाचवताना झाडाखाली चिरडून मरते. लहान मुलांच्या पुस्तकात नायिकेला असं मारण्याचं धाडस 1894 साली एका तरुण मुलीनं केलं होतं.

काही वर्षांपूर्वी माझी भाची ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटाहून आली. तिच्या घराजवळून वाहणाऱ्या नदीच्याच काठी कादंबरीतलं 'मिसरूल' हे घर आहे, म्हणून तिनं आठवणीनं पुस्तकाची नवी प्रत आणली. ज्या सहलीत ज्यूडीचा अंत होतो, तिचं प्रकरण मला जवळजवळ पाठ होतं. नव्या प्रतीत त्याच प्रकरणात एक गोष्ट होती, मी कधीच न वाचलेली. दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळीवर बोट ठेवत गेलो. माझ्या प्रतीतलं पान फाटलेलं नव्हतं. मजकूरच नव्हता.

लेखिका एथेल टर्नर. जन्म इंग्लंडमधला, विधवा आईबरोबर लहानपणीच सिडनीला आली. सिडनी गर्ल्स हायस्कूलच्या नियतकालिकाची संपादक होती लुईस मॅक. तिनं एथेलचं लेखन नाकारलं, तर या बाईसाहेबांनी 'आयरिस' नावाचं स्वतःचं नियतकालिकच काढलं! (लुईसही पुढे नावाजलेली लेखिका झाली, आणि 1914 मध्ये युद्धवार्ताहर म्हणून बेल्जियमला गेली. त्या एका शाळेत काय मुली होत्या!) पुढे एथेलनं बहीण लिलियनबरोबर 'पार्थेनॉन' मासिक चालवलं, 'डेम डर्डन' या नावानं मुलांची पानं लिहिली, आणि 24 जानेवारी 1893 रोजी, स्वतःच्या वाढदिवशी, ही कादंबरी सुरू केली. लंडनच्या वॉर्ड लॉकनं ती छापली. शंभर वर्षं तिची छपाई थांबली नाही. सुरुवातीलाच ती वाचकाला बजावते की यातलं एकही मूल गुणी नाही. इंग्लंडहून येणाऱ्या शहाण्यासुरत्या मुलांच्या पुस्तकांना दिलेलं ते उत्तर होतं.

आता ती गोष्ट. मुलं सावत्र आईच्या माहेरी, यारॅहापिनीला गेलेली असतात. गुरामेंढरांच्या अशा अवाढव्य जागेला तिकडे 'स्टेशन' म्हणतात. तिथे टेटावाँगा नावाचा म्हातारा आदिवासी गुराखी आहे. सहलीच्या दिवशी, त्याच्याकडून ऐकलेली कुकाबरा पक्ष्याची कथा गिलेट नावाचा कोठारावरचा गोरा कारभारी मुलांना सांगतो. सुरुवात करताना तो म्हणतो की हा देश आजच्याहून कोवळा आणि कितीतरी सुंदर होता, टेटावाँगाचे पूर्वज सुखात होते, आणि गोरा माणूस पुढे काय दिवस दाखवणार आहे हे त्यांच्या दुःस्वप्नातही आलं नव्हतं. मुलं कंटाळतात, लवकर पुढे सांगा म्हणतात.

1900 च्या आवृत्तीपासून हा भाग कादंबरीतून गळाला. परत आला तो 1994 मध्ये, शताब्दीच्या आवृत्तीत.

टर्नरला मी उगाच मोठेपणा देणार नाही. तिच्या लेखी आदिवासी म्हणजे निश्चिंत बालकं. टेटावाँगाची मोडकी इंग्रजी ती गमतीसाठी वापरते, आणि त्याची गोष्टही त्याच्या तोंडून येत नाही. तरीही ही जमीन कुणाकडून तरी घेतलेली आहे, एवढं कबूल करणारी ती काही वाक्यं होती. नेमकी तीच गेली आणि त्याच सहलीतला ज्यूडीचा मृत्यू तेवढा उरला. तीन पिढ्या त्यावर रडल्या.

आता ते झाड पाहा. कुराणं मोकळी करायला वसाहतवाले बुंध्याभोवती सालीचं कडं कापून काढत. पाला-मुळांचा संबंध तुटून उभं झाड वाळे. तोडण्याचे कष्ट वाचत. असे पांढरे सांगाडे मग वर्षानुवर्षं उभे राहत. ज्यूडीवर पडणारं झाड असं मारलेलं आहे, हे टर्नर स्पष्ट लिहिते. माझ्या जुन्या प्रतीत तो निव्वळ अपघात होता. गोष्ट परत घातल्यावर मात्र मला तो अपघात वाटेना. काही पानांपूर्वी ज्या जमिनीचं दुःख मुलांनी ऐकून घेतलं नाही, तिथलंच हे मारून ठेवलेलं झाड. टर्नरनं हे जाणूनबुजून रचलं असेल असं मी म्हणत नाही. पण तिनं दोन्ही गोष्टी पाहिल्या होत्या आणि एकाच दिवसात ठेवल्या होत्या.

1992 मध्ये माबो खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानं, गोरे येण्यापूर्वी ही भूमी कुणाचीच नव्हती, हे जुनं गृहीतक मोडीत काढलं. दोनच वर्षांनी टेटावाँगाची गोष्ट परतली. मुलांची पुस्तकं तोवर पुढे गेली होती. लार्डिल जमातीच्या डिक रफ्सीनं 1975 मध्येच 'द रेनबो सर्पंट' स्वतः सांगितलं, स्वतः रंगवलं. आणि नादिया व्हीटली व डॉना रॉलिन्स यांचं 'माय प्लेस' तर प्रत्येक शाळेत असावं असं. 1988 पासून दहा-दहा वर्षं मागे जात, एकाच जागेवर राहिलेली मुलं त्यात बोलतात. पहिली लॉरा, आदिवासी. शेवटची 1788 मधली बॅरंगारू, तीही आदिवासी. मधे घरं येतात, जातात, ओढ्याचा कालवा होतो. प्रत्येक मुलाच्या नकाशात एक मोठं झाड मात्र आहे, जिवंत.

भाचीच्या प्रतीतल्या त्या पानांची झेरॉक्स काढून मी फुटपाथवरच्या माझ्या प्रतीत, सहलीच्या प्रकरणात ठेवली आहे. कागद जरा मोठा आहे. पुस्तक मिटलं तरी त्याची कड बाहेर दिसते.