चिनी अंतःस्थ युद्धविद्या

स्नायुबळापेक्षा शरीराची शिथिलता, श्वासाचे नियमन व चित्ताची एकाग्रता यांवर भर देणाऱ्या चिनी द्वंद्वपद्धतींचा समूह. चिनी भाषेत यास ‘नेइजिया’ म्हणजे ‘आतले घराणे’ म्हणतात. ताइजीछ्वान, शिंगयीछ्वान व बाग्वाझांग या त्याच्या तीन प्रमुख शाखा होत. शाओलिन मठाशी निगडित पद्धती ‘बाह्य’ गणल्या जातात.

इतिहास : अंतःस्थ व बाह्य हा भेद ह्वांग झोंगशी या विद्वानाने १६६९ मध्ये रचलेल्या एका स्मृतिलेखात प्रथम स्पष्टपणे आढळतो. वूदांग पर्वतावरील झांग सानफेंग या ताओपंथी साधूस ही विद्या देवतेने स्वप्नात दिली, असे त्यात म्हटले आहे. महाराष्ट्रात बाळंभटदादा देवधरांना मल्लखांबाची विद्या सप्तशृंगगडावरील दृष्टांताने लाभल्याची आख्यायिका याच धर्तीची आहे. ह्वांग हा पदच्युत मिंग राजघराण्याचा निष्ठावंत होता. त्यामुळे परकीय मांचू सत्तेविरुद्धचा गर्भितार्थ काही अभ्यासक या लेखात पाहतात. झांगशी ताइजीछ्वानचा संबंध नंतर जोडला गेला. त्यास समकालीन पुरावा नाही.

ताइजीछ्वानचा विश्वसनीय इतिहास हनान प्रांतातील छनज्याकोउ या गावापासून सुरू होतो. तेथील छन कुलाची विद्या यांग लूछान (१७९९–१८७२) याने आत्मसात करून पीकिंगमध्ये नेली. शिंगयीछ्वानचे मूळ शान्शी प्रांतात सतराव्या शतकात सांगितले जाते, तर बाग्वाझांगचा प्रसार दुंग हायछ्वान (मृत्यू १८८२) याने पीकिंगमध्ये केला. तिन्ही विद्यांत पारंगत असलेल्या सुन लूथांग (१८६०–१९३३) याने १९१५ पासून लिहिलेल्या ग्रंथांमुळे त्यांचे एकत्व रूढ झाले. म्हणजे विद्या जुन्या असल्या, तरी त्यांचा हा समूह अर्वाचीन आहे.

साधना : प्रारंभी एकाच स्थितीत दीर्घकाळ निश्चल उभे राहण्याचा अभ्यास करतात. बळ पायांतून उगम पावून कमरेच्या वळणाने हातापर्यंत पोहोचावे, हे तिन्ही शाखांचे समान सूत्र आहे. ताइजीछ्वानमध्ये संथ, अखंड हालचालींची मालिका करतात. ‘थुइशौ’ या जोडीच्या अभ्यासात प्रतिस्पर्ध्याच्या हाताला हात भिडवून त्याचा जोर ओळखतात व वळवितात. शिंगयीछ्वानचे पाच मूळ प्रहार धातू, जल, काष्ठ, अग्नी व पृथ्वी या चिनी पंचतत्त्वांशी जोडलेले आहेत; ही तत्त्वे भारतीय पंचमहाभूतांहून भिन्न होत. बाग्वाझांगमध्ये साधक वर्तुळावर चालत दिशा बदलतो आणि मुठीऐवजी तळहाताचा उपयोग करतो. या साधनेत प्राणासारखी ‘छी’ ही शक्ती नाभीखाली स्थिर होते, अशी पारंपरिक धारणा आहे. तथापि तिचे परिणाम तोल, सांध्यांची जुळणी व अचूक कालसाधन यांच्या आधारेही समजू शकतात.

आधुनिक स्वरूप : चिनी शासनाने १९५६ मध्ये चोवीस हालचालींची सुलभ मालिका तयार केली आणि ताइजीछ्वान लोकव्यायाम झाला. १९९० च्या पीकिंग आशियाई क्रीडासामन्यांत ‘वूशू’ या क्रीडाप्रकारात त्याचा समावेश झाला. २०२० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या सूचीत त्याची नोंद केली. नियमित अभ्यासाने वृद्धांचा तोल सुधारतो व पडण्याचे प्रमाण घटते, असे वैद्यकीय चाचण्यांत आढळले आहे. मात्र केवळ मालिका करणाऱ्यास आरोग्यलाभ झाला, तरी युद्धकौशल्य येत नाही. त्यासाठी कुस्तीप्रमाणेच जोडीदाराशी प्रत्यक्ष झुंजण्याचा सराव अपरिहार्य आहे.