कुरकुर की टकटक?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागून एक मागे पडतात, मिठागरांवरून येणारा वारा तोंडावर बसतो आणि उत्तन जवळ आलं की वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास रस्ता दाखवतो. पहाटे या रस्त्याने सायकल मारायची, हा माझा जुना नेम. यंदा श्रावणात त्याला एक सोबती मिळाला. उजवा पाय खाली गेला की टक्. पुन्हा उजवा पाय, पुन्हा टक्.

सायकलवाल्याने पहिला प्रश्न विचारला तो डॉक्टरांच्या तोडीचा होता. "काका, कुरकुर आहे की टकटक?" मराठीत आवाजांना इतकी नावं आहेत की निम्मं निदान तिथेच होतं. खडखड म्हणजे काहीतरी सैल : मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर. किरकिर म्हणजे कोरडी चेन. घरघर म्हणजे बेअरिंगमधले छर्रे झिजलेत किंवा कटोरीत माती गेलीय. कुरकुर आणि टकटक मात्र घट्ट दिसणाऱ्या जागांतून येतात आणि खरी पंचाईत तिथेच होते.

दोन धातू एकमेकांवर दाबले असतील, तर जोर वाढेपर्यंत ते चिकटून राहतात आणि मग एकदम किंचित सरकतात. सरकले की पुन्हा चिकटतात. राळ लावलेला सारंगीचा गज तारेवर हेच करतो, जुन्या दाराची बिजागरीही हेच करते. सायकलीत हे सरकणं केसाएवढंही नसतं, त्यामुळे डोळ्याला काही दिसत नाही. शिवाय पोलादातून आवाज सेकंदाला पाच हजार मीटरच्या आसपास धावतो, हवेत जेमतेम 340. फ्रेम पोकळ नळ्यांची. एका टोकाला खुट्ट झालं की सगळी फ्रेम बोलते आणि वर बसलेल्याला वाटतं, पायाखालीच आहे.

म्हणून जागेवर भरवसा ठेवायचा नाही, आधी ताल मोजायचा. माझ्या सायकलला पुढच्या चक्राला 44 दात आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला 18. म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. आवाज फेरीला एकदा येत असेल तर संशय पायडल, क्रँक, क्रँकला आसाशी जखडणारी कॉटर पिन आणि तो आस, म्हणजे बीबी एक्सल, यांच्यावर. फेरीला दोन-तीनदा येत असेल तर चाकावर : एखादी सैल तार, रिमला घासणारा ब्रेक. चेनचं गणित आणखी मजेशीर आहे. माझ्या चेनला 110 कड्या. 110 भागिले 44, म्हणजे अडीच. एखादी कडी आखडली असेल, तर ती पुढच्या चक्रावर दर अडीच फेऱ्यांनी येते. एकदा उजव्या पायाला, एकदा डाव्या पायाला. हे ठाऊक नसलेला माणूस वेडा होईल!

माझा आवाज फेरीला एकदाच. त्यामुळे पायडलपासून सुरुवात झाली. (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. घरी खोलायला जाल तर नेहमीच्या दिशेने जोर लावून ते आणखी घट्ट कराल.) पायडल बदललं. आवाज दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी हजर. मग कॉटर पिन नवी ठोकली. पुन्हा दोन दिवसांची शांतता. मग बीबी खोलून पाव इंची छर्रे बदलले, ग्रीस भरलं. आमच्याकडे ओव्हरहॉलिंगला सर्रास 'ओव्हरऑईल' म्हणतात आणि मला ते मूळ शब्दापेक्षा जास्त पटतं. तरीही तिसऱ्या दिवशी टक्.

स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगजवळ टेकवून मूठ कानाला लावायची, हा सायकलवाल्याचा जुना उपाय. 1816 साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली, त्यातलीच ही रीत. पण स्टँडवर माझी सायकल साधूसारखी शांत. कारण तिच्यावर मी नव्हतो.

उलगडा झाला उत्तनजवळच्या चौक गावाच्या चढावर. वर टेकडीवर धारावी किल्ला, 1739 साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला. चढ लागला तसा आवाज वाढला. दम लागला म्हणून सीटवरून उठलो, उभ्याने पायडल मारू लागलो. आवाज बंद. बसलो, टक्. उठलो, बंद.

उजवा पाय खाली जाताना अंगाचा तोल उजवीकडे जातो आणि त्याबरोबर सीटचा पाईप फ्रेमच्या नळीत किंचित कलतो. ताल पायडलचा होता, पण आवाज सीटखालचा. आणि ते दोन दिवसांचं मौन? प्रत्येक दुरुस्तीला सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली जात होती. त्या भाराने पाईप जरा हलून नव्या जागी बसायचा आणि दोन दिवस गप्प राहायचा. म्हणजे नव्या पायडलने काही केलं नव्हतं, कॉटर पिनेनेही नाही.

पाईप बाहेर काढायला दोघांना जोर लावावा लागला. खालचा चार बोटांचा भाग तपकिरी, त्यावर ओलसर भुकटी. खाऱ्या हवेतलं मीठ धातूवर बसतं, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्या खारट ओलीत लोखंड झपाट्याने गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. त्यामुळे पाईप एकीकडे आवळला जातो आणि भुकटी झडली की दुसरीकडे सैल पडतो. समुद्र आणि मिठागरं यांच्यामध्ये रोज फिरणाऱ्या सायकलीचं दुसरं काय होणार?

रॉकेलच्या चिंधीने पुसलं, पॉलिश पेपर मारला, ग्रीसचा पातळ हात फिरवला. अर्ध्या तासाचं काम. त्याला दीड महिना गेला होता.

दसऱ्याला सायकलला हार घातला असेलच. आता पावसाळाही सरला आहे. सीटच्या उंचीवर चिकटपट्टीची खूण करा, पाईप एकदा पूर्ण बाहेर काढा, पुसून ग्रीस लावा आणि खुणेपर्यंत परत बसवा. नट मात्र नीट आवळा.