सातबारा, फेरफार आणि संगणकाची फेरफार वही

दर्यापूर किंवा अकोट तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने आपला सातबारा नीट न्याहाळला, तर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात लिहिलेला एक आकडा त्याला दिसेल. हा फेरफाराचा क्रमांक होय. वारसाहक्क असो, खरेदी असो वा कर्जाचा बोजा, आधी गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद घ्यायची, हरकतींसाठी मुदत द्यायची, मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची आणि मगच सातबाऱ्यावरील नाव बदलायचे, ही महसूल खात्याची जुनी रीत आहे.

या रीतीत एक मोठी सोय दडलेली होती. हस्तलिखित सातबारा साधारणपणे दहा वर्षांनी नव्याने लिहिला जाई. समजा, चालू वही वाळवीने खाल्ली, तर मागील पुनर्लेखनाची प्रत घ्यायची आणि तिच्यावर त्यानंतरचे सारे फेरफार क्रमाने, एकही न गाळता चढवत जायचे. शेवटी हक्कांचे आजचे चित्र पुन्हा उभे राहते. नुसती जुनी प्रत अपुरी आणि नुसते फेरफारही अपुरे.

संगणकातील डेटाबेस नेमका याच तत्त्वावर चालतो. त्याच्या डेटा फाइल म्हणजे सातबारा आणि लॉग म्हणजे फेरफार नोंदवही. कोणताही बदल कायम होण्यापूर्वी तो लॉगमध्ये लिहिला जातो. मूळ फाइलमध्ये तो सवडीने उतरतो. आयबीएममधील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या पद्धतीची जी शास्त्रशुद्ध मांडणी केली, तिचा प्रभाव आजच्या अनेक डेटाबेसांवर आहे. फरक इतकाच, की महसुलात पिकाच्या नोंदीला फेरफार लागत नाही. संगणकाच्या लॉगमध्ये मात्र नावातील एका वेलांटीची दुरुस्तीसुद्धा नोंदली जाते.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून स्वतः करू लागला. त्यामुळे हा विषय केवळ संगणक तज्ज्ञांचा राहिलेला नाही. अशा एखाद्या डेटाबेसचा पूर्ण बॅकअप रविवारी रात्री घेतला आणि बुधवारी दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी हार्ड डिस्क निकामी झाली, असे समजू. हाती फक्त बॅकअप असेल, तर सारे काही रविवारच्या रात्रीवर येऊन थांबेल. मंगळवारी बांधावर उभे राहून कपाशी आणि तुरीची नोंद करणारा शेतकरी ती झाली असे मानून निर्धास्त असेल. नोंद मात्र कोठेच नसेल आणि हे त्याला कळेल ते विम्याच्या वा अनुदानाच्या वेळी. सहकारी बँकेत हाच प्रकार झाला, तर सोमवारी भरलेली रक्कम खात्यातून नाहीशी होईल. लॉग शाबूत असतील, तर रविवारच्या प्रतीवर ते क्रमाने चढवून ३ वाजून ४० मिनिटांपर्यंतची स्थिती परत आणता येते. यालाच पूर्ण पुनर्प्राप्ती म्हणतात. एखाद्या कर्मचाऱ्याने चुकून तक्ताच पुसून टाकला असेल, तर त्या क्षणाच्या मिनिटभर आधी थांबण्याचीही मुभा असते.

येथे एक मेख आहे. ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये लॉगच्या ठरावीक फाइल असतात आणि त्या भरल्या की पहिल्या फाइलवर पुन्हा लिहिणे सुरू होते. म्हणजे फेरफार वहीची पाने संपली, की पहिले पान खोडून त्यावरच लिहायचे! हे टाळण्यासाठी भरलेली प्रत्येक फाइल पुसली जाण्यापूर्वी दुसरीकडे उतरवून ठेवावी लागते. हाच अर्काइव्ह लॉग. ही सोय मुद्दाम चालू करावी लागते. पोस्टग्रेसमध्ये लॉगच्या आधारे हव्या त्या क्षणापर्यंत मागे जाण्याची सोय २००५ मधील ८.० या आवृत्तीपासून आली. तेथेही लॉग जपण्याची आज्ञा आपणच द्यायची असते. शिवाय काम चालू असताना घेतलेल्या बॅकअपमधील पहिली फाइल रात्री दहाची, तर शेवटची बाराची असू शकते. त्या दोन तासांतील लॉग नसतील, तर ती प्रत आपापसांतच विसंगत ठरते.

अर्काइव्ह लॉगला क्रमांक असतात आणि साखळी कोठेही तुटून चालत नाही. १०४२ क्रमांकाची फाइल हरवली, तर १०४३ पासूनच्या साऱ्या फाइल हाताशी असूनही निरुपयोगी ठरतात. ती हरवते कशी? बहुधा माणसाच्याच हातून. लॉग साठवण्याची जागा भरली, की ओरॅकल नवे बदल स्वीकारणे थांबवतो. खिडकीपुढे रांग, साहेबांचे फोन सुरू; अशा वेळी कोणीतरी जुन्या म्हणून फाइल उडवून जागा मोकळी करतो आणि काम पुन्हा चालू झाल्याबद्दल त्याचे कौतुकही होते! लॉगची दुसरी प्रत सुरक्षित पोचल्याखेरीज मूळ फाइल पुसायची नाही, एवढा नियम पाळला तरी बरेच अनर्थ टळतील.

प्रत कोठे ठेवायची, हेही महत्त्वाचे. त्याच डिस्कवर ठेवलेला लॉग डिस्कबरोबरच जातो आणि त्याच इमारतीतील प्रत आगीत जाते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना लागलेल्या आगीत कागदपत्रांचे काय झाले, हे राज्याने पाहिले आहे. अकोल्याची प्रत अमरावतीला आणि अमरावतीची अकोल्याला, ही अदलाबदल सुचायला सोपी आहे. दोन्ही शहरांत सुमारे १०० किलोमीटरचे अंतर आहे. तथापि अकोल्याची मोर्णा आणि अमरावतीकडील पेढी, दोन्ही नद्या पूर्णेलाच मिळतात. एकाच पावसाचा तडाखा दोन्हीकडे बसू शकतो. म्हणून आणखी एक प्रत दूरच्या शहरात आणि एक जाळ्यापासून तोडलेली असावी. खंडणीखोर विषाणू जोडलेल्या प्रतींनाही सोडत नाहीत.

दुसऱ्या सर्व्हरवर तत्काळ उमटणारी जुळी प्रत असली, की बॅकअपची गरज उरत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. चुकून पुसलेला तक्ता त्या जुळ्या प्रतीतूनही क्षणात पुसला जातो. गिटलॅब या आंतरराष्ट्रीय कंपनीला ३१ जानेवारी २०१७ रोजी याबाबतचा धडा मिळाला. जुळा सर्व्हर मागे पडला होता. त्याला लागणारे लॉग मुख्य सर्व्हरवरून पुसले गेले होते आणि ते अर्काइव्ह करण्याची व्यवस्थाच नव्हती. ती जुळवाजुळव करताना एका अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरील सुमारे ३०० जीबी माहिती उडवली. नेहमीचे बॅकअप तर कित्येक दिवस अयशस्वी होत होते आणि त्याच्या सूचनांचे ईमेल कोणापर्यंत पोचतच नव्हते. साधारण सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्याच कामासाठी घेतलेली प्रत होती, म्हणून निभावले. मधल्या तासांतील नोंदी गेल्या त्या गेल्याच.

बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेश पडद्यावर येणे आणि त्यातून डेटाबेस खरोखर उभा राहणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. निदान तीन महिन्यांतून एकदा वेगळ्या संगणकावर पूर्ण प्रत उतरवावी, सारे लॉग चढवावेत आणि कालच्या दहा-वीस नोंदी सापडतात का, हे ताडून पाहावे. त्याला किती वेळ लागला, हेही लिहून ठेवावे. आठवडाभराचे लॉग चढवायला कित्येक तास लागत असतील, तर पूर्ण बॅकअप अधिक वेळा घ्यायला हवा.