बॉनेटखालची किंचाळी

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची रास झाली की उमरी तालुक्यातल्या खेड्यांतून कट्टे भरलेल्या पिकअप मोंढ्याकडे निघतात. त्यांत दहा-बारा वर्षं राबलेल्या गाड्याही असतात. पहाटे दवात उभी असलेली अशी गाडी सुरू केली की बॉनेटखालून 'चींऽऽ' असा कर्कश आवाज येतो आणि मिनिटभरात बंद होतो. थंडीमुळं होत असेल, म्हणून चालक पुढं निघतो.

थंडीचा, दवाचा त्यात वाटा असतो, पण आवाज बहुतेक वेळा घसरणाऱ्या पट्ट्याचा असतो. इंजिनाच्या क्रँकपुलीवरून फिरणारा हा रबरी पट्टा अल्टरनेटर चालवतो; अनेक गाड्यांत वॉटर पंपही त्याच्यावरच असतो. स्टार्टर मारताना बॅटरीची वीज खर्च होते. ती भरून काढायला अल्टरनेटर जोर लावतो आणि तेवढा भार सैल पट्ट्याला पेलत नाही. पट्टा पुलीला क्षणभर पकडतो, क्षणभर सुटतो. सारंगीचा गज तारेवर हेच करतो, म्हणून तिथंही सूर निघतो. बॅटरी भरत आली की भार उतरतो, आवाज थांबतो. पट्टा मात्र सैलच राहतो.

म्हणून गॅरेजात 'गाडी आवाज करते' एवढंच सांगून भागत नाही. आवाज कधी येतो, हे महत्त्वाचं. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर वाढला, तर संशय पट्ट्याच्या ताणावर. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आला, तर पॉवर स्टिअरिंगच्या पट्ट्यावर. क्लच दाबताच आला, तर बॉनेट सोडून क्लचच्या रिलीज बेअरिंगकडे बघावं लागतं. पिकअप चढावर ओढताना शिट्टी वाजली, तर टर्बोचा होज कुठं फुटलाय का, ते तपासायचं. 'छोटा हत्ती' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, २००५ साली आलेल्या टाटा एसमध्ये इंजिन सीटखाली असतं. तिथं पट्ट्याचा आवाज चालकाला थेट बुडाखालून ऐकू येतो.

पट्ट्याची एक जुनी परीक्षा आहे. इंजिन चालू ठेवून पट्ट्याच्या आतल्या बाजूवर थोडं पाणी शिंपडायचं. आवाज वाढला, तर पट्टा सैल आहे. क्षणभर थांबून पुन्हा आला, तर एखादी पुली रेषेतून सरकलेली असण्याची शक्यता जास्त. हे करताना गळ्यातली दस्ती काढून ठेवावी, हात पंख्यापासून लांब ठेवावा.

ताण मात्र इंजिन बंद करूनच बघायचा. दोन पुलींमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठा दाबला की साधा व्ही-पट्टा साधारण १० ते १२ मिलिमीटर दबायला हवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. आवाज जावा म्हणून पट्टा गच्च ताणणारेही आहेत. मग आवाज जातो, पण अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंगं लवकर जातात.

पिठाच्या गिरणीच्या चपट्या पट्ट्याला राळ लावतात, ते पाहून गाडीच्या पट्ट्यावरही राळ, साबण किंवा ग्रीस लावलं जातं. ग्रीसनं पट्टा आणखी घसरतो, राळेवर धूळ चिकटते. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकाकत असतील किंवा त्याला तेल लागलं असेल, तर तो बदलणंच बरं. आधी तेलाची गळती बंद करावी, नाहीतर नवा पट्टाही खराब होतो.

पट्टा नवा असूनही घरघर राहिली, तर मिस्त्री तो उतरवतो आणि इंजिन काही सेकंदच चालवतो, कारण पट्ट्याविना वॉटर पंपही थांबलेला असू शकतो. आवाज गेला, तर दोष पट्ट्यावर चालणाऱ्या एखाद्या भागात. मग इंजिन बंद करून एकेक पुली हातानं फिरवून बघायची: खरखर लागली किंवा पुली डुगडुगली, तर बेअरिंग गेलं. वॉटर पंपाखाली कूलंटचा ओघळ दिसला, तर पंपाचं सील गेलेलं असतं.

भरल्या गाडीत किंचाळीपाठोपाठ बॅटरीचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा चढू लागला, तर पट्टा तुटला असं धरून गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावं. तसंच मोंढ्यापर्यंत रेटलं, तर काही शे रुपयांच्या पट्ट्यापायी हेड गॅस्केटचा खर्च गळ्यात पडतो. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड झाल्याशिवाय उघडू नये. आतलं उकळतं पाणी अंगावर उसळतं.