चिमूटभर भुकटी, कोट्यवधी जिवाणू

प्रोबायोटिक जिवाणूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत बाहेरून कल्चर येते, ते बहुधा काचेच्या ॲम्प्यूलमध्ये. नळी करंगळीपेक्षा बारीक, तळाशी चिमूटभर पांढरट भुकटी, तिच्यावर कापसाचा घट्ट बोळा आणि ज्योतीवर वितळवून बंद केलेले टोक. आत हवा जवळजवळ नसतेच. लेबलावर जिवाणूचे नाव आणि कल्चर कलेक्शनने दिलेला क्रमांक. दुधाच्या पावडरीसारख्या दिसणाऱ्या या भुकटीत कोट्यवधी जिवाणू असतात. ते वाढत नाहीत, खात नाहीत, विभागत नाहीत, पण मेलेलेही नसतात.

न विभागणे हाच या भुकटीचा सगळ्यात मोठा गुण. जिवाणू विभागला की त्याच्या डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका शिरतात. विरजणाचे उदाहरण घ्या. शेजारणीकडून आणलेले विरजण सहा महिन्यांनी आपल्या घरचे होऊन जाते, दह्याची चवच ते सांगते. प्रयोगशाळेतही एका स्लँटवरून (नळीतल्या तिरप्या माध्यमावरून) दुसऱ्या स्लँटवर सबकल्चर करत राहिले की तेच घडते. स्वयंपाकघरात याने काही बिघडत नाही. संशोधनात मात्र सगळे बिघडते.

‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी’ हा जगातल्या सर्वाधिक अभ्यासलेल्या प्रोबायोटिक स्ट्रेनपैकी, म्हणजे एकाच प्रजातीतल्या वेगवेगळ्या वाणांपैकी, एक. अमेरिकेतील शेरवूड गॉर्बाख आणि बॅरी गोल्डिन यांनी 1980च्या दशकात तो एका निरोगी माणसाच्या आतड्यातून वेगळा केला. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे म्हणजे ‘जीजी’. ‘एटीसीसी’ या अमेरिकी कल्चर कलेक्शनमध्ये त्याचा क्रमांक 53103. या जिवाणूच्या अंगावर ‘पिली’ नावाचे बारीक तंतू असतात आणि त्यांच्या आधारे तो आतड्यातल्या श्लेष्मल थराला चिकटतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुग्धजन्य पदार्थांतून मिळवलेल्या या स्ट्रेनच्या तीन नमुन्यांचे जीनोम तपासले गेले. तिघांपैकी दोघांच्या डीएनएमधले मोठे तुकडे गायब होते. एकातून 34 जनुके गेली होती, दुसऱ्यातून 84. गेलेल्यांमध्ये नेमकी पिली बनवणारी जनुकेही होती. नाव तेच, पण चिकटण्याचे साधन गेलेले. असा नमुना घेऊन कुणी ‘जीजी’वर प्रयोग केला, तर निष्कर्ष नक्की कोणत्या जिवाणूचा म्हणायचा?

यावरचा उपाय म्हणजे जिवाणूला वाढूच न देणे. लायोफिलायझेशन, म्हणजे गोठवून सुकवणे, हे काम चोख करते. लिऑन शॅकेल या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1909 साली जैविक पदार्थ निर्वात अवस्थेत गोठवून सुकवण्याची पद्धत मांडली. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव आणि पेनिसिलिन टिकवण्यासाठी तिचा मोठा वापर झाला आणि पुढे कल्चर कलेक्शनांचा ती आधार बनली.

पद्धत सांगायला सोपी, करायला नाजूक. जिवाणू ऐन वाढीच्या भरात नव्हे, तर वाढ थांबू लागल्यावर गोळा करतात. उपासमारीला तोंड देऊ लागलेला जिवाणू पुढचे हालही अधिक सोसतो. मग त्यांना संरक्षक द्रवात मिसळतात. त्यात सहसा स्किम मिल्क आणि जोडीला सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज. पुढे उणे 40 अंश सेल्सियस किंवा त्याखाली गोठवून नळ्या निर्वात कक्षात ठेवतात. 6.1 मिलिबारपेक्षा कमी दाबाला पाणी द्रवरूपात राहू शकत नाही. त्यामुळे मंद उष्णता दिली की बर्फ न वितळता थेट वाफ होऊन निघून जातो आणि ती वाफ यंत्राच्या अतिथंड कंडेन्सरवर पुन्हा गोठते. घाई करून उष्णता वाढवली तर आतला गोळा वितळून बसतो आणि ती खेप वाया जाते. शेवटच्या टप्प्यात तापमान हळूहळू चढवून पेशींना चिकटून राहिलेले पाणीही काढतात. तेही पूर्णपणे काढत नाहीत, कारण अती कोरडेपणाही पेशींना मारतो.

या सगळ्यात जिवाणूला तारते ती साखर. पेशीच्या पातळ आवरणातील मेदाचे रेणू पाण्याच्या आधाराने आपापल्या जागी राहतात. पाणी गेले की ते एकमेकांवर दाटतात आणि पुन्हा ओले होताना आवरण गळू लागते. ट्रेहॅलोजचे रेणू पाण्याची रिकामी जागा घेतात आणि आवरण सावरून धरतात. शिवाय साखर सुकताना काचेसारखी घट्ट होते आणि त्या घट्टपणात पेशीतल्या रासायनिक हालचाली जवळपास ठप्प होतात. बीजाणू बनवणाऱ्या जिवाणूंना निसर्गानेच कवच दिलेले असते. लॅक्टोबॅसिलसला ते नाही, म्हणून ही सगळी उठाठेव.

आपल्याकडे या कामाचे मोठे केंद्र पुणे आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील ‘एनसीआयएम’ हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह 1951 पासूनचा. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत मायक्रोबायोलॉजी शिकलेल्यांना ही चार अक्षरे कल्चरच्या लेबलवरून ओळखीची असतात. पुण्यातच 2009 मध्ये ‘मायक्रोबियल कल्चर कलेक्शन’ उभे राहिले, ते आज राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करून घेण्याची मान्यता बुडापेस्ट करारान्वये त्याला 2011 मध्ये मिळाली. चंडीगढच्या ‘एमटीसीसी’ या संग्रहाला ती आधीपासून होती. करारानुसार जमा झालेला सूक्ष्मजीव किमान 30 वर्षे सांभाळावा लागतो. मागेल त्याला तीस वर्षांनीही तोच जिवाणू जिवंत देता आला पाहिजे, ही या संस्थांवरची जबाबदारी. त्यासाठी प्रत्येक खेप सुकवण्याआधी आणि नंतर पातळ करून प्लेटवर पसरायची, उगवलेल्या कॉलनी मोजायच्या, डीएनए जुळवून पाहायचा, हे काम तिथे सतत चालू असते. त्याला प्रसिद्धी मिळत नाही, पण देशातले कितीतरी प्रबंध आणि पेटंट त्याच्या भरवशावर उभे आहेत.

ॲम्प्यूल उघडतानाही शिस्त लागते. काच अल्कोहोलने पुसायची, कापसाच्या मध्यावर कानशीने ओरखडा काढायचा, निर्जंतुक कापडात धरून मोडायची. आत निर्वात असल्याने हवा एकदम शिरली तर भुकटी उडते. तिला अडवायला तो कापसाचा बोळा. मग अर्धा मिलिलिटर एमआरएस ब्रॉथ घालून भुकटी भिजू द्यायची आणि सगळे मोठ्या नळीत ओतून 37 अंशांना ठेवायचे. डी मान, रोगोसा आणि शार्प यांनी 1960 मध्ये लॅक्टोबॅसिलससाठी तयार केलेले हे माध्यम आजही प्रमाण मानले जाते. एक-दोन दिवसांत ब्रॉथ गढूळ होतो. तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. प्लेटवर रेघा ओढून एकसारख्याच कॉलनी येतात का, ग्रॅम स्टेनमध्ये जांभळ्या दांड्या दिसतात का, हे पाहायचे.

खरी कसोटी यापुढे. उगवलेल्या पहिल्या कल्चरमधून लगेच मास्टर स्टॉक आणि त्यातून वर्किंग स्टॉक करून ठेवला, तर स्ट्रेन वर्षानुवर्षे मूळ रूपाजवळ राहतो. त्याऐवजी एकच स्लँट वर्षभर पुढे ढकलत राहिले, तर कलेक्शनने जपलेले सगळे आपण आपल्या हाताने घालवतो. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची 2011ची प्रोबायोटिक मार्गदर्शक तत्त्वेही स्ट्रेनच्या पातळीवर ओळख पटवायला सांगतात, कारण गुण प्रजातीचा नसतो, स्ट्रेनचा असतो. 2020 मध्ये लॅक्टोबॅसिलस वंशाची फेरमांडणी झाली आणि ऱ्हॅम्नोससचे नाव ‘लॅक्टिकेसीबॅसिलस ऱ्हॅम्नोसस’ झाले. 53103 हा क्रमांक मात्र कायम राहिला. म्हणून प्रबंधात आणि शोधनिबंधात जिवाणूच्या नावापुढे कलेक्शनचा क्रमांक आणि किती वेळा सबकल्चर केले ते लिहायलाच हवे. ते नसेल तर दुसऱ्या कुणाला तो प्रयोग पडताळून पाहता येत नाही, आणि पडताळता न येणाऱ्या प्रयोगावर रुग्णासाठी काहीही उभारता येत नाही.