भिंतीवरचं शहर – लेखांक ७ : रोमचा रस्ता, धातूच्या पत्र्यावर

शाकुंतलावर लुब्ध झालेला जर्मन कवी म्हणून गटे आपल्या ओळखीचा. फ्रँकफुर्टच्या त्याच्या घरात वडिलांनी रोमच्या दृश्यांची मुद्राचित्रं ओळीने लावली होती. पिआत्सा देल पोपोलो, कोलोसियम, सेंट पीटरचा चौक हे सगळं त्याने लहानपणी जाता-येता पाहिलेलं. १७८६ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो रोमला पोचला तेव्हा घरच्या भिंतीवरची ती चित्रंच आपल्यापुढे खरी होऊन उभी राहिली आहेत, असं त्याला वाटलं.

मागच्या आठवड्यात आपण नकाशे पाहिले. आज रस्त्यांची चित्रं, आणि तीही अॅल्युमिनियमवर छापलेली. अशी मेटल प्रिंट लावायची तर आधी मूळ चित्र कसं घडलं ते कळायला हवं, नाहीतर निवड चुकते. म्हणून उदाहरणाला एकच माणूस घेतो : जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०–१७७८).

रोमच्या दृश्यांचे त्याने १३५ तांब्याचे पत्रे कोरले. त्यातला माझा सर्वांत आवडता आहे व्हिया देल कोर्सोचा. हा पिआत्सा देल पोपोलोपासून निघणारा सरळसोट रस्ता. कार्निव्हलमध्ये इथे स्वाराविना घोडे धावत, त्या शर्यतीवरूनच त्याला नाव पडलं. चित्रात आहे फ्रेंच कला अकादमीचा वाडा, आणि त्याच्या समोरच पिरानेसीचं स्वतःचं दुकान होतं. म्हणजे रोज उंबऱ्यावरून दिसणारा रस्ता त्याने कोरला, आणि तिथेच विकला. गिऱ्हाईक बहुतेक परदेशी प्रवासी. घरी नेऊन भिंतीला लावण्यासाठीच ते ही चित्रं घेत.

आता त्याची रीत. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण आणि राळेचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या आणि मग आम्ल चढवायचं. सुईने थर जिथे खरवडला तिथेच आम्ल तांबं खातं. ज्या रेघा फिकट राहायला हव्यात त्या वार्निशने झाकायच्या आणि पुन्हा आम्ल. दूरच्या इमारतींवर आम्ल थोडा वेळ, जवळच्या सावल्यांवर बराच. म्हणून पिरानेसीच्या पुढच्या भिंती कोळशासारख्या काळ्या दिसतात आणि रस्त्याचं टोक धुक्यात विरतं. या चित्रात राखाडी रंग नावाची गोष्टच नाही. आहे ती काळी रेघ, आणि दोन रेघांमधला कोरा कागद. तो कोरा कागदच चित्रातला उजेड.

मेटल प्रिंटचा सगळा प्रश्न या कोऱ्या जागेचा आहे. चित्र आधी खास कागदावर उलटं छापतात, मग तो कागद लेप दिलेल्या, साधारण एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सिअसला दाबतात. उष्णतेने रंगाची वाफ होते आणि ती लेपाच्या आत शिरते. याला सब्लिमेशन म्हणतात. रंग पृष्ठभागावर बसत नाही, आत मुरतो, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसलं तरी बिघडत नाही. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी भिंतीवर काचेमागच्या कागदाला बुरशी धरते, तशी या पत्र्याला धरत नाही.

पण पत्रा दोन प्रकारचा मिळतो. एकावर लेपाखाली पांढरा थर असतो. दुसऱ्यावर तो नसतो, तिथे चित्रातला पांढरा म्हणजे उघडं चंदेरी अॅल्युमिनियम. नमुन्यात चंदेरी पत्रा फार देखणा दिसतो, आणि बरेच जण तोच निवडतात. मी मात्र रस्त्यांच्या चित्रांसाठी तो घेऊ नका असंच सांगेन. चालताना त्याची चमक बदलते, रोमचं आकाश कधी लखलखतं तर कधी रेघांपेक्षाही काळं पडतं. पिरानेसीने तासन्‌तास आम्लाशी खेळून बसवलेला उजेड-सावलीचा तोल तिथे मोडतो. पांढरा थर आणि मॅट पृष्ठभाग घ्या. ग्लॉसीवर काळा रंग खोल येतो हे खरं. पण माझ्या घरी खिडकीसमोर लावलेल्या ग्लॉसी चित्रात दुपारी रस्ता दिसत नाही, खिडकीच दिसते.

आकाराचाही मोह आवरावा. पिरानेसीचे हे पत्रे साधारण ४० बाय ६० सेंटिमीटरचे आहेत, हातात धरून किंवा टेबलावर ठेवून पाहण्याचे. त्याच आकारात, फार तर दीडपट छापावं. ६० सेंटिमीटर रुंदीला इंचामागे ३०० ठिपके धरले तर फाइल सुमारे ७,००० पिक्सेल रुंद हवी. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्यूझियम जुन्या चित्रांच्या मोठ्या फाइली मोफत देतात. इंटरनेटवरची छोटी प्रत ताणून छापली की बारीक समांतर रेघांमध्ये लाटा उमटतात, आणि त्या एकदा दिसू लागल्या की नजर तिथून हलत नाही. कागदाचा पिवळेपणा मंद हस्तिदंती ठेवावा. डाग आणि घड्या मात्र काढाव्यात. त्या कागदाच्या आहेत, धातूवर त्या खोट्या वाटतात.

लावताना चित्र बसत्या माणसाच्या नजरेशी येऊ द्या, जेवणाच्या टेबलाजवळ किंवा वाचायच्या खुर्चीसमोर. दिवा बाजूने आणि वरून. चौकटीची गरज नाही, मागे पट्टी लावून पत्रा भिंतीपासून बोटभर पुढे ठेवला की त्याची सावली हीच चौकट.

आणि खालची अक्षरांची पट्टी कापू देऊ नका. छापणारे ती सजावटीत अडचण समजून सर्रास उडवतात. तिथे पिरानेसीने इटालियनमध्ये स्थळाचं नाव कोरलेलं असतं आणि पुष्कळ चित्रांत इमारतींवर बारीक आकडे घालून त्यांची यादीही. आमच्याकडे आलेली मुलं आधी ते आकडे शोधतात, मग बोटाने रस्ता चालू लागतात.

पुढच्या आठवड्यात : जेम्स वेल्सची मुंबईची बारा दृश्यं.